झिगफेल्ड: पैसा दुसऱ्याचा, थाट आपला

तिसरी_घंटा

ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक नाटकांचा, विषय निघाला की गाडी लगेच लायन किंगवर जाते. ते १९९७ ला ज्या न्यू ॲमस्टरडॅम थेटरात लागलं ना, ते डिस्नीने घ्यायच्या आधी अक्षरशः पडायला आलं होतं, आणि त्याच्याही आधी, म्हणजे १९१३ पासून पुढची चौदाएक वर्षं, ते एका माणसाच्या नावाने ओळखलं जायचं. फ्लोरेन्झ झिगफेल्ड, खेळ काढणारा निर्माता. त्याच्यावर मराठीत फारसं काही वाचलं नाही म्हणून हा धागा.

जन्म १८६७, शिकागो. वडील जर्मनीहून आलेले, कडक शास्त्रोक्त संगीतवाले, त्यांचं स्वतःचं संगीत कॉलेज होतं. १८९३ ला शिकागोत ते अवाढव्य जागतिक प्रदर्शन भरलं (हो, विवेकानंदांचं भाषण झालं ती धर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती) तेव्हा वडिलांनी ट्रोकाडेरो नावाची जागा उघडली, येणाऱ्या पाहुण्यांना उत्तम संगीत ऐकवायचं म्हणून. कोणी फिरकेना. मग पोराने युजेन सँडो हा पहिलवान आणला. नुसतं वजन उचलायला नाही हं, खेळ संपल्यावर शहरातल्या बड्या घरच्या बायकांनी धर्मादायाला पैसे द्यायचे आणि आत जाऊन सँडोचे दंड चाचपून बघायचे! दुसऱ्या दिवशी पेपरात तेच. ट्रोकाडेरो फुल्ल. वडिलांना काय वाटलं असेल ते सोडा, पोराला मात्र आयुष्यभराचा धंदा सापडला. १८९४ ला सॅनफ्रान्सिस्कोत सँडो विरुद्ध सिंह अशी कुस्ती लावली, सिंहाच्या तोंडाला मुसकं आणि पंजांना मोजे, सिंह बिचारा लढेचना, पब्लिक भडकलं. असल्या फजितीनेही हा माणूस काही सुधारला नाही.

मग ॲना हेल्ड. पॅरिसच्या रंगभूमीवरून नाव झालेली गायिका, हा तिला लंडनहून १८९६ ला न्यूयॉर्कला घेऊन आला. आल्याआल्या पेपरात बातमी की बाई रोज दुधाने आंघोळ करतात, आणि दूधवाल्याने बिल थकलं म्हणून दावा ठोकलाय. सगळा बनाव. पण सगळ्या अमेरिकेला तिचं नाव पाठ झालं. दोघं नवराबायकोसारखे राहिले, आणि पॅरिसच्या फोली बर्जेरसारखं काहीतरी इथे कर ही कल्पनाही तिचीच असं म्हणतात.

८ जुलै १९०७, न्यूयॉर्क थिएटरच्या गच्चीवर पहिला फॉलीज. तेव्हा एसी नव्हते, उन्हाळ्यात थेटरं बंद पडायची, म्हणून गच्चीवर. पैसा क्लॉ आणि अर्लँगर ह्या त्या काळच्या दादा थेटरमालकांचा, खर्च साधारण तेरा हजार डॉलर, झिगफेल्डला आठवड्याला दोनशे पगार. म्हणजे हा नोकरच! १९११ पासून मात्र नाव झालं झिगफेल्ड फॉलीज.

फॉलीज हा रेव्ह्यू होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, रेव्ह्यू म्हणजे गोष्ट नसलेला खेळ. गाणी, नाच, चालू घडामोडींची टिंगल, नकला, आणि मधेमधे डोळे दिपवणारे देखावे. गंमत म्हणजे ह्या माणसाला गाता येत नव्हतं, लिहिता येत नव्हतं, नाच बसवता येत नव्हता, विनोदाची तर आवडच नव्हती. माझं म्हणणं असं की खर्च करणं हीच त्याची कला होती. पटतंय का बघा, बाकी प्रतिसादात.

अबोली

वा, मस्त विषय! सँडो म्हणजे तोच ना ज्याच्या नावाची बनियन आपल्याकडे घालतात?

तिसरी_घंटा

हो तोच. १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता, मुंबईतही खेळ केले. तोवर झिगफेल्डपासून तो कधीच वेगळा झाला होता.

बोकोबा

लेख छान पण शेवटच्या वाक्याला तीव्र आक्षेप. खर्च करणं ही कला कशी काय? पैसे असले की कोणीही करेल. आणि इथे तर पैसेही स्वतःचे नव्हते.

तिसरी_घंटा

बोकोबा, तेच तर. पैसे इतरांकडेही होते. शुबर्ट बंधू, दुसरे बडे थेटरमालक, त्यांनी १९१२ पासून द पासिंग शो काढला, जॉर्ज व्हाइट हा फॉलीजमधलाच नाचणारा, त्याने १९१९ पासून स्कँडल्स, अर्ल कॅरोलने १९२३ पासून व्हॅनिटीज. सगळ्यांनी पोरी आणल्या, पिसं लावली, जिने उभे केले. पण आज विचारा कोणालाही, नाव एकाचंच येतं.

फरक कुठे होता ते सांगतो. जोसेफ अर्बन घ्या. व्हिएन्नाचा आर्किटेक्ट, बॉस्टनच्या ऑपेरासाठी अमेरिकेत आला होता. १९१४ ला त्याने नेपथ्य केलेलं एक नाटक सपशेल पडलं, सगळे म्हणाले वाया गेले पैसे, झिगफेल्डने ते बघितलं आणि म्हणाला हा माणूस मला पाहिजे. १९१५ च्या फॉलीजपासून अर्बन आला आणि तोवर जी तुकड्यातुकड्यांची भेळ असायची तिला पहिल्यांदा एक सलग रूप आलं, रंग ठरलेले, एका देखाव्यातून दुसऱ्यात जाताना नजर अडखळायची नाही. अर्बन कॅन्व्हास जमिनीवर अंथरून रंगवून घ्यायचा, अमेरिकेत तेव्हा उभा टांगून रंगवायची पद्धत होती. आणि सपाट एक रंग न फासता वेगवेगळ्या रंगांचे ठिपके शेजारी शेजारी, म्हणजे दिव्याचा रंग बदलला की त्याच पडद्यावर त्या त्या रंगाचे ठिपके उठून दिसणार आणि सगळा मूडच बदलणार. त्याच्या देखाव्यांतला निळा रंग तर अर्बनच्या नावानेच ओळखला जाऊ लागला.

पडलेल्या नाटकातून असा माणूस उचलणं ह्याला नजर लागते हो, नुसता पैसा नाही.

मोरपंखी

कपड्यांचं राहिलं! लूसिल, म्हणजे लेडी डफ गॉर्डन, टायटॅनिकमधून वाचलेली ती, ती फॉलीजचे कपडे करायची. आणि तिच्याच दुकानातली मॉडेल डोलोरेस, सहा फूट उंच, तिला झिगफेल्डने १९१७ मध्ये स्टेजवर आणलं. गायची नाही, नाचायची नाही, बोलायची नाही, हसायचीसुद्धा नाही. फक्त चालायची! शोगर्ल हा जो प्रकार पुढे लास व्हेगासपर्यंत गेला त्याची ती मूळ पुरुष (मूळ बाई म्हणू या). पांढऱ्या मोराच्या वेषातला तिचा १९१९ चा फोटो नक्की बघा, मी माझा आयडी त्यावरूनच नाही घेतला पण घ्यायला हरकत नव्हती. 😄

आणि झिगफेल्डबद्दल सांगतात की झग्यांना आतून अस्तरसुद्धा खरं रेशीम लावायचा, जे प्रेक्षकांना दिसणारच नाही. कारण काय तर रेशीम अंगाला लागलं की मुलगी वेगळी चालते.

बोकोबा

बरं, अस्तराचं पटलं. थोडंसं.

चष्मिश

सगळे थाटामाटाबद्दल बोलताय, पण ह्या मुलींचं काय? अमेरिकन मुलीचा गौरव अशी जाहिरात करायचा ना तो? म्हणजे दुकानात मांडल्यासारख्या बायका मांडायच्या, गोऱ्याच फक्त, ठराविक मापाच्याच, आणि त्याला गौरव म्हणायचं. आज हे कोणी केलं तर आपण टीकाच करू ना. शंभर वर्षं झाली की सगळं क्लासिक होतं हे मला झेपत नाही.

तिसरी_घंटा

चष्मिश, मुद्दा बरोबरच आहे आणि तो टाळून झिगफेल्डवर लिहिताच येणार नाही. कोरसमध्ये सगळ्या गोऱ्या, हे खरं. आणि गौरव कसला तर कायद्याच्या कडेकडेने चाललेला. उघडं अंग दाखवायचं तर बाईने हलायचं नाही अशी तेव्हाची रीत, म्हणून बेन अली हॅगिन हा चित्रकार आणून प्रसिद्ध चित्रांसारखे देखावे उभे केले, बाया पुतळ्यासारख्या स्तब्ध. कला म्हणून खपलं, पोलीस गप्प.

मुलींच्या बाजूनेही बघायला हवं, कारखान्यात किंवा दुकानात उभं राहून मिळायचा त्याच्या कितीतरी पट पगार इथे मिळत होता. बार्बरा स्टॅनविक, लुईस ब्रुक्स, पॉलेट गोडार्ड, मॅरियन डेव्हिस ह्या सगळ्या इथूनच सिनेमात गेल्या. दुसरीकडे ऑलिव्ह थॉमस, तीही फॉलीजचीच, १९२० ला पॅरिसच्या हॉटेलात चुकून विषारी औषध पोटात गेलं आणि पाच दिवसांनी गेली, पंचवीस वर्षांची होती. त्यामुळे सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही.

न्यूजर्सीकर

न्यू ॲमस्टरडॅममध्ये तिचं भूत आहे म्हणतात, ऑलिव्ह थॉमसचं. कर्मचारी तिच्या फोटोला रोज गुड मॉर्निंग करतात. खरंखोटं देव जाणे, पण आता तिथे अल्लादीन चालू असतो २०१४ पासून, म्हणजे जिन आणि भूत एकाच बिल्डिंगमध्ये.

थेटर मात्र आतून जरूर बघा. सगळीकडे वेली, मोर, पानंफुलं कोरलेली, १९०३ चं बांधकाम. वर गच्चीवर दुसरं थेटर होतं, तिथला किस्सा कोणीतरी सांगा.

तिसरी_घंटा

मिडनाइट फ्रॉलिक! १९१५ पासून. खाली फॉलीज संपला की ज्यांच्या खिशात अजून पैसे आहेत त्यांनी लिफ्टने वर यायचं, जेवायचं, प्यायचं, आणि पहाटेपर्यंत दुसरा शो. प्रेक्षकांच्या डोक्यावरून काचेची वाट, तिच्यावरून मुली चालणार. अंगाला फुगे लावलेल्या मुली टेबलांमधून फिरायच्या आणि लोक सिगारने ते फोडायचे (चष्मिश, माहितीय, माहितीय). टाळ्यांऐवजी टेबलावर आपटायला लाकडी हातोड्या. टेबलाटेबलावर फोन, दुसऱ्या टेबलाशी बोलायला.

धंद्याच्या दृष्टीने बघा, एकाच प्रेक्षकाकडून एका रात्रीत दोनदा पैसे. वर नवीन माणसं तपासून घ्यायची आणि चांगली निघाली की खाली मोठ्या शोमध्ये. विल रॉजर्स असाच आला, हातात दोर घेऊन च्युइंगगम चघळत पेपरातल्या बातम्यांवर बोलणारा काउबॉय. वर रोज तेच तेच गिऱ्हाईक यायचं, म्हणून जोक रोज नवे लागायचे, म्हणून रोजचा पेपर. १९२० ला दारूबंदी आली आणि गच्चीचा प्राणच गेला, एकदोन वर्षांत बंद.

आडवाटे

छान चाललंय. मला विनोदी नटांबद्दल विचारायचं होतं. विनोद आवडत नव्हता म्हणता, मग डब्ल्यू. सी. फील्ड्स, एडी कँटर, फॅनी ब्राइस हे सगळे त्याच्याकडेच कसे?

तिसरी_घंटा

कारण सेट बदलायला वेळ लागतो! अर्बनचे ते डोंगराएवढे सेट, मागे हलवाहलव चालू असताना पुढे पडदा टाकून पाचदहा मिनिटं कोणीतरी पब्लिकला धरून ठेवायचं. ते काम कॉमेडियनचं. पडद्यापुढच्या त्या पाचसहा फुटांच्या पट्ट्यात अमेरिकन विनोदाची एक अख्खी पिढी घडली. फॅनी ब्राइस १९१० ला आली, १९२१ ला तिने एका फ्रेंच गाण्याचं इंग्रजी रूप, माय मॅन, म्हटलं. सगळ्यांना हसवणारी बाई दिव्याच्या खांबाला टेकून रडकं गाणं म्हणते आणि थेटर गार. झिगफेल्डने तिचे भारी कपडे काढून साधे फाटके घालायला लावले होते असं सांगतात. खर्च कुठे करायचा नाही हेही कळत होतं म्हणायचं.

चष्मिश

आणि बर्ट विल्यम्स? त्याचं नाव अजून कोणी घेतलं नाही.

तिसरी_घंटा

तुम्हीच लिहा ना, तुम्हाला माहिती दिसतेय.

चष्मिश

लिहिते. बर्ट विल्यम्स हा कृष्णवर्णीय विनोदी नट, आधीच मोठं नाव, १९१० ला झिगफेल्डने घेतला. गोऱ्यांच्या एवढ्या मोठ्या शोमध्ये बरोबरीने नाव असलेला पहिलाच. कंपनीतल्या काहींनी धमकी दिली की तो असेल तर आम्ही नाही, झिगफेल्ड बधला नाही. ह्याचं श्रेय मी देते त्याला. पण तोच बर्ट विल्यम्स स्टेजवर जाताना तोंडाला काळं फासून जायचा, कारण पब्लिकला काळा माणूस तसाच बघायची सवय. आणि स्टेजवर गोऱ्या बाईबरोबर एकटा दिसायचा नाही ही खबरदारी.

१९१९ ऑगस्टमध्ये नटांचा संप झाला. कँटर वगैरे मंडळी बाहेर पडली, फॉलीज बंद. विल्यम्स नटांच्या युनियनमध्ये नव्हताच. किस्सा असा की तो नेहमीसारखा आला, मेकअप केला, कपडे घातले, आणि बाहेर येऊन बघतो तर थेटर रिकामं, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. १९२२ ला गेला, पन्नाशीही गाठली नाही.

अबोली

बाप रे.

मोरपंखी

हे माहीत नव्हतं चष्मिश. धन्यवाद.

जुनाट_रसिक

सगळं वाचताना नारायणराव डोळ्यासमोर येतात. १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी म्हणजे ह्याच सुमाराची. तेच खरे शालू, अत्तराचे फवारे, आणि तेच कर्ज. न्यूयॉर्क काय नि पुणे काय.

तिसरी_घंटा

काका, कर्जापुरतं खरं आहे. पण बालगंधर्व गायला लागले की लोक सेट विसरायचे. झिगफेल्डकडे स्वतःचं असं काही नव्हतंच स्टेजवर ठेवायला, त्याला सगळं बाहेरूनच आणावं लागायचं, म्हणून ती तुलना मला अर्ध्यावर सुटल्यासारखी वाटते.

बोकोबा

बरं आता पैशाचं सांगा, उत्सुकता आहे. कमावले किती, उडवले किती?

तिसरी_घंटा

फॉलीजचा खर्च दहाबारा वर्षांत तेरा हजारावरून लाखाच्या पुढे गेला. म्हणजे शो तुफान चालला तरी हातात फार उरायचं नाही, न्यूयॉर्कनंतर गावोगाव दौरा करून भरपाई. कमाई खरी झाली ती गोष्ट असलेल्या संगीतिकांवर. १९२० ची सॅली, मॅरिलिन मिलर ह्या नटीची, साडेपाचशेच्या वर प्रयोग. आणि आलेला पैसा जुगारात. माँटे कार्लो, पाम बीच. दुसरी बायको बिली बर्क (१९१४ ला लग्न, स्वतः मोठी नटी), तिच्या हडसनकाठच्या घरी हत्तीपासून सगळं प्राणिसंग्रहालय. आणि तारांचं वेड! समोर तालमीत उभ्या असलेल्या माणसालाही लांबलचक तार पाठवायचा. टेबलावर फोन सोन्याचे.

१९२७ ला स्वतःच्या नावाचं थेटर, सहाव्या ॲव्हेन्यूवर ५४ व्या रस्त्याच्या कोपऱ्याला. बांधलं अर्बनने, सुमारे सोळाशे खुर्च्या, आतून अंड्यासारखं, कोपरा कुठेच नाही, भिंतीपासून छतापर्यंत एकच चित्र. पैसा पेपरवाल्या हर्स्टचा. आणि त्याच थेटरात २७ डिसेंबर १९२७ ला शो बोट.

इथे मला थांबावंसं वाटतं. मिसिसिपीवरची नाटकबोट, काळ्या हमालांचे कष्ट, मिश्र विवाह बेकायदा असलेल्या राज्यात एका नटीची आई काळी निघते आणि तिला बोट सोडावी लागते, नवरा जुगारी आणि बायको टाकून जाणारा. एडना फर्बरच्या कादंबरीवर जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टीनने केलेलं. गाणी गोष्टीतूनच येतात, मधेच पिसं लावून पोरी येत नाहीत. झिगफेल्ड घाबरला होता, पहिल्या रात्री लोक टाळ्यांऐवजी सुन्न बसले तेव्हा त्याला वाटलं गेलं सगळं पाण्यात. सकाळी तिकीटखिडकीवर रांग! ५७२ प्रयोग. आणि जो रेव्ह्यू त्याने वीस वर्षं वाढवला, तो ह्याच्यापुढे एकदम जुना दिसायला लागला.

बोकोबा

म्हणजे स्वतःच्याच दुकानाला कुलूप.

तिसरी_घंटा

आणि तेही रोषणाई करून! खरं कुलूप तसं १९२९ ने लावलं. ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला तेव्हा हा एका पाट्या बनवणाऱ्याशी किरकोळ रकमेवरून कोर्टात भांडत बसला होता आणि ऑफिसातली सगळी माणसं साक्षीला तिथेच, दलालाला कोणी फोनवर भेटेना, असं सांगतात. दहा लाख डॉलरच्या वर बुडाले. आयुष्यभर लाखांनी उधळलेला माणूस असल्या किरकोळीसाठी कोर्टात!

१९३१ चा फॉलीज त्याच्या हातचा शेवटचा. १९३२ च्या एका खेळाला तर डच शुल्ट्झ आणि वॅक्सी गॉर्डन ह्या गुंडांचा पैसा होता. त्याच वर्षी मे महिन्यात शो बोट परत लावलं, ह्यावेळी पॉल रोबसन ह्या कृष्णवर्णीय गायक-नटाला घेऊन. २२ जुलै १९३२ ला लॉस एंजेलिसला फुप्फुसाच्या दुखण्याने गेला, मागे कर्जाचा डोंगर. बिली बर्कने ते फेडायला सिनेमात कामं घेतली. विझर्ड ऑफ ऑझमधली चांगली जादूगारीण, गुलाबी झगावाली, तीच ती.

अबोली

अय्या, ती?? किती वेळा बघितलाय तो सिनेमा पोरांबरोबर.

आडवाटे

नाव मग कोणाला गेलं? फॉलीजचं?

तिसरी_घंटा

शुबर्ट बंधूंना! ज्यांचं आयुष्यभर तोंड बघितलं नाही त्यांनी १९३४ ला झिगफेल्ड फॉलीज काढला, निर्माती म्हणून नाव बिली बर्कचं. थेटर १९६६ ला पाडलं, तिथे आता ऑफिसांचा टॉवर.

न्यूजर्सीकर

जवळच त्याच नावाचं सिनेमा थेटर होतं ५४ व्या रस्त्यावर, एकपडदा, लाल मखमल, २०१६ ला तेही बंद झालं. आता पार्ट्यांना भाड्याने देतात.

जुनाट_रसिक

एखादा फॉलीज प्रत्यक्ष बघायला मिळेल का कुठे? चित्रीकरण वगैरे?

तिसरी_घंटा

काका, पूर्ण शोचं नाही. पण १९२९ चा ग्लोरिफाइंग द अमेरिकन गर्ल नेटवर सहज सापडेल, गोष्ट रटाळ आहे, पहिला भाग ढकला पुढे, शेवटी फॉलीजचे देखावे आहेत आणि झिगफेल्ड स्वतः एक सेकंदभर दिसतो. दुसरा १९३० चा व्हूपी, कँटरचा, त्यात झिगफेल्डचाही पैसा होता, सुरुवातीच्या दोनरंगी टेक्निकलरमध्ये. १९३६ चा द ग्रेट झिगफेल्ड ऑस्करवाला आहे पण तीन तास लांब आणि सिनेमावाल्यांनी त्याला फारच सज्जन करून टाकलाय. त्यातला तो फिरता गोल जिना तेवढा बघा.

चष्मिश

व्हूपीमध्ये कँटर तोंडाला काळं फासतो, ते आधीच सांगून ठेवते. मग म्हणू नका सांगितलं नाही.

बोकोबा

शनिवारी बघतो. अस्तर दिसलं तर कळवतो.